पाहण्याची विद्या

कॅमेऱ्याची कळ लहान मूलही दाबू शकते. परंतु कळ दाबण्यापूर्वी कोठे उभे राहावे, प्रकाश कोणत्या बाजूने येऊ द्यावा, चौकटीत काय घ्यावे आणि काय वगळावे, हे शिकावे लागते. एका अमेरिकन मुलीने विद्यार्थिदशेत ही विद्या शिकावयास आरंभ केला, तेव्हा तिच्या हाती तडा गेलेल्या भिंगाचा एक जुना कॅमेरा होता. पुढे तिची छायाचित्रे जगभर पोहोचली. त्यांतील अत्यंत प्रसिद्ध असे एक चित्र तिने आपल्या पुणे शहरात काढले. त्या मुलीचे नाव मार्गारेट बर्क-व्हाइट.

मार्गारेटचा जन्म १४ जून १९०४ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तिचे बालपण जवळच्याच न्यू जर्सी राज्यातील बाउंड ब्रुक या लहान गावी गेले. वडील जोसेफ व्हाइट हे अभियंते असून छपाईच्या यंत्रांत सुधारणा करणे हे त्यांचे काम होते. ते अतिशय अबोल होते. जेवणाच्या टेबलापाशी बसले असतानाही त्यांचे मन एखाद्या यंत्राच्या विचारात गुंतलेले असे. छायाचित्रे काढणे आणि भिंगे व प्रकाश यांचे प्रयोग करणे हा त्यांचा छंद होता. घराच्या भिंतींवर त्यांनी काढलेली छायाचित्रे लावलेली होती. आई मिनी ही शिस्तीची आणि करारी स्त्री होती. दोन मार्ग समोर असतील तर त्यांतील कठीण मार्ग मुलांनी निवडावा, असा तिचा आग्रह असे. हाती घेतलेले काम स्वतःच्या मनास पटेपर्यंत सोडू नये, ही वडिलांची शिकवण होती.

मार्गारेट आठ-एक वर्षांची असताना वडिलांनी तिला एक ओतकाम चालणारा कारखाना दाखविण्यास नेले. उंच सज्जावर उभे राहून ती खाली पाहत होती. काळोखात एकाएकी वितळलेल्या लोखंडाचा लाल प्रवाह उसळला, ठिणग्या उडाल्या आणि सारी जागा उजळून गेली. त्या दृश्याने ती हरखून गेली. यंत्रांत आणि अग्नीत एक सौंदर्य असते, ही जाणीव तिच्या मनावर त्या दिवशी कोरली गेली.

असे असले तरी छायाचित्रकार व्हावे, असे तिला त्या काळी मुळीच वाटत नव्हते. तिला प्राण्यांची, विशेषतः सापांची आवड होती. वडिलांबरोबर रानात हिंडताना तिने सापांना न भिता हाताळावयास शिकून घेतले होते. सर्पांचा शास्त्रीय अभ्यास करावा आणि दूरदूरच्या अरण्यांत प्रवास करावा, असे तिचे स्वप्न होते. त्याच हेतूने १९२१ साली तिने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला.

परंतु १९२२ च्या आरंभीच वडिलांचा मृत्यू झाला. घरची आर्थिक स्थिती बिकट झाली. मार्गारेट त्या वेळी अवघी सतरा वर्षांची होती. शिक्षण पुढे चालेल की नाही, हाच प्रश्न होता. अशा दिवसांत तिने क्लॅरेन्स व्हाइट यांच्या छायाचित्रणाच्या वर्गात नाव घातले. गुरू आणि शिष्या यांचे आडनाव एकच असले तरी त्यांचे नाते काही नव्हते. आणि गंमत अशी की, तिला छायाचित्रे काढण्यापेक्षा चित्राची रचना कशी करतात, हे जाणून घेण्याची अधिक उत्सुकता होती.

क्लॅरेन्स व्हाइट यांचा जन्म १८७१ सालचा. ओहायो राज्यातील एका गावात ते हिशेबनीस म्हणून नोकरी करीत. छायाचित्रण त्यांना कोणी शिकविले नव्हते. फावल्या वेळात ते स्वतःच शिकले. त्या काळी छायाचित्र म्हणजे यंत्राने उतरवलेली नक्कल, ती कला नव्हे, असे पुष्कळ लोक म्हणत. छायाचित्रासही कलेची प्रतिष्ठा मिळावी, म्हणून झटणाऱ्या मंडळींत व्हाइट अग्रभागी होते. १९०७ पासून ते कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले आणि १९१४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःची शाळा काढली.

व्हाइट यांना विद्यापीठात आणणारे प्राध्यापक आर्थर वेस्ली डाऊ हे चित्रकलेचे नामवंत शिक्षक होते. वस्तूची हुबेहूब नक्कल करण्यापूर्वी विद्यार्थ्याने रचना शिकावी, असे त्यांचे मत होते. जपानी चित्रांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. चित्रातील रेषा आणि काळ्या-पांढऱ्या भागांची वाटणी यांवर त्यांचा विशेष भर असे. हीच शिकवण व्हाइट यांनी छायाचित्रणास लागू केली.

ही शिकवण कोणती, ते थोडक्यात पाहू. छायाचित्राला चार कडा असतात. जग अफाट आहे, पण चौकट लहान आहे. म्हणून चौकटीत कोणत्या वस्तूला स्थान द्यावयाचे, हे आधी ठरवावे लागते. चित्रात एक गोष्ट प्रमुख असावी आणि बाकीच्या गोष्टींनी तिला साहाय्य करावे. सगळ्याच वस्तू सारख्याच ठळक झाल्या, तर पाहणाऱ्याची दृष्टी कोठेच स्थिरावत नाही. रस्ता, कुंपण, नदीचा काठ, खांबांची रांग यांच्या रेषा दृष्टीला चित्राच्या आत नेतात. त्या रेषा कोठे जाऊन पोहोचतात, हे पाहून उभे राहण्याची जागा निवडावी. एकच आकार पुन्हापुन्हा आला की चित्रात लय निर्माण होते. उजेड आणि सावली यांचाही तोल सांभाळावा लागतो. एखादा मोठा काळा भाग एका बाजूस आला, तर दुसऱ्या बाजूचा लहानसा उजळ भागदेखील त्याचा तोल राखू शकतो. रिकामी जागा हीदेखील चित्राचाच भाग आहे.

हे सारे व्हाइट यांनी पाठ करून घेतले नाही. ते साधे विषय देत आणि विद्यार्थ्यांना कॅमेरा घेऊन बाहेर पाठवीत. पुढे मोठी कीर्ती मिळविलेली डोरोथिया लँग ही मार्गारेटच्या काही वर्षे आधी त्यांच्यापाशी शिकत होती. जवळच्याच एका अगदी सामान्य लोखंडी फाटकाचे चित्र काढून आणण्याचा पाठ त्यांनी तिच्या वर्गास दिला होता. ज्यात पाहण्यासारखे काहीच नाही असे वाटते, त्यातच काही शोधावे, हा त्यामागील हेतू असावा. विद्यार्थ्यांची चित्रे पाहताना व्हाइट कठोर टीका करीत नसत. प्रत्येकाच्या कामात चांगले काय आहे, ते शोधून त्याला पुढचा रस्ता दाखवीत.

वर्गात शिकावयाचे तर कॅमेरा हवा. घरात पैशांची चणचण असतानाही आईने वीस डॉलर खर्चून मुलीसाठी एक जुना आयका रिफ्लेक्स कॅमेरा विकत घेतला. त्याच्या भिंगाला तडा गेलेला होता. व्हाइट यांच्या शाळेत त्या काळी मऊ, धूसर, रंगविलेल्या चित्रासारखी दिसणारी छायाचित्रे आवडत असल्यामुळे, हे सदोष भिंग मार्गारेटला आरंभी फारसे अडचणीचे वाटले नाही. परंतु व्हाइट यांचेच एक विद्यार्थी राल्फ स्टायनर यांनी तिची चांगलीच कानउघाडणी केली. छायाचित्राने रंगचित्राचे सोंग घेऊ नये, त्याने छायाचित्र म्हणूनच उभे राहावे, असे त्यांचे सांगणे होते. मार्गारेटला हळूहळू ते पटले. गुरूकडून तिने रचना घेतली आणि धूसरपणा कालांतराने सोडून दिला.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत कनेक्टिकट राज्यातील एका सरोवराकाठच्या मुलींच्या शिबिरात तिला काम मिळाले. तेथे ती मुलींना निसर्गाभ्यास आणि छायाचित्रण शिकवू लागली. स्वतः नुकतेच शिकलेले दुसऱ्यास शिकविताना ते अधिक पक्के होते, याचा अनुभव तिला आला. शिबिराची, सरोवराची आणि मुलींच्या झोपड्यांची चित्रे काढून तिने त्यांची पोस्टकार्डे तयार केली. मुलींनी ती घरी पाठविण्यासाठी शेकड्यांनी विकत घेतली. तरीही महाविद्यालयाच्या खर्चास ती रक्कम पुरेशी नव्हती. अखेर एका उदार कुटुंबाने मदत केली आणि मार्गारेट मिशिगन विद्यापीठात दाखल झाली.

पुढील पाच वर्षे अस्थिर गेली. १९२४ मध्ये तिने विवाह केला. परंतु तो दोन वर्षांतच संपुष्टात आला. या काळात तिला एकामागून एक विद्यापीठे बदलावी लागली. अखेरच्या वर्षासाठी तिने कॉर्नेल विद्यापीठ निवडले. त्याच्या परिसरात सुंदर धबधबे आहेत, असे तिने वाचले होते. तेथे शिकत असता उपजीविकेसाठी ग्रंथालयात काम मिळावे, अशी तिची इच्छा होती; पण सर्व जागा भरून गेल्या होत्या. तेव्हा तिने पुन्हा तो जुना कॅमेरा बाहेर काढला.

आता व्हाइट यांच्या वर्गातील पाठ उपयोगी पडले. विद्यापीठाच्या त्याच इमारती शेकडो विद्यार्थी रोज पाहत होते. मार्गारेट मात्र एकाच मनोऱ्याभोवती निरनिराळ्या वेळी फिरून पाही. सकाळी कोणत्या कमानीतून तो दिसतो, संध्याकाळी त्याची सावली कोठे पडते, बर्फ पडल्यावर त्याच्या पायाशी कोणत्या रेषा उमटतात, याचे ती निरीक्षण करी. तिची चित्रे विद्यार्थ्यांनी विकत घेतली. माजी विद्यार्थ्यांच्या मासिकाने ती मुखपृष्ठावर छापली आणि प्रत्येक चित्रास पाच डॉलर दिले. ती पाहून काही वास्तुशिल्पज्ञांनी तिला पत्रे लिहिली आणि इमारतींची छायाचित्रे काढण्याचा व्यवसाय करावा, असे सुचविले.

मार्गारेट द्विधा मनःस्थितीत सापडली. एका बाजूस निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात नोकरी मिळण्याची आशा होती, तर दुसऱ्या बाजूस कॅमेऱ्याचा अनिश्चित व्यवसाय होता. आपली चित्रे खरोखरच चांगली आहेत की ओळखीचे लोक उगाच कौतुक करीत आहेत, याची तिला शंका होती. म्हणून आपल्याला मुळीच न ओळखणाऱ्या माणसाचे मत घ्यावे, असे तिने ठरविले. न्यूयॉर्कमधील एका मोठ्या वास्तुशिल्पसंस्थेतील बेंजामिन मॉस्कोविट्झ यांचे नाव तिला मिळाले होते. ती पोहोचली तेव्हा ते गाडी पकडण्यासाठी निघाले होते. त्यांच्यामागोमाग चालत ती उद्‌वाहकापर्यंत गेली. त्यांनी कसेबसे एक चित्र पाहिले आणि ते थबकले. त्यांनी तिला परत आत नेले आणि आपल्या सहकाऱ्यांनाही ती चित्रे पाहण्यास बोलाविले. मार्गारेटचा निर्णय तेथेच झाला. १९२७ मध्ये पदवी घेऊन ती क्लीव्हलंड या औद्योगिक शहरी गेली. तिने आईचे माहेरचे नाव आपल्या नावात ठळकपणे जोडले आणि मार्गारेट बर्क-व्हाइट या नावाने व्यवसाय सुरू केला. घराच्या स्वयंपाकघरातच चित्रे धुण्याची काळोखी खोली झाली.

क्लीव्हलंडमधील आरंभीच्या दिवसांत एका चौकात तिने एक धर्मोपदेशक पाहिला. तो उंचावर उभा राहून आवेशाने बोलत होता. परंतु त्याच्यासमोर माणूस एकही नव्हता, होती ती फक्त कबुतरे. जवळ कॅमेरा नसल्याने मार्गारेट धावतच एका दुकानात गेली आणि तेथून कॅमेरा उसना घेऊन आली. येताना शेंगदाणे आणण्यास ती विसरली नाही. मुलांना शेंगदाणे टाकावयास लावून तिने कबुतरे आणखी जवळ आणली आणि चित्र काढले. ते दहा डॉलरना विकले गेले.

एका नव्या शाळेच्या इमारतीचे कामही तिला मिळाले. इमारत सुंदर होती. पण तिच्याभोवती चिखल आणि बांधकामाचा कचरा पडलेला होता. मार्गारेट सूर्योदयाच्या प्रकाशासाठी अनेक दिवस पहाटे उठून तेथे गेली. कधी ढग आड येत, तर कधी धुके. अखेर एका पहाटे स्वच्छ प्रकाश मिळाला. पण त्या प्रकाशात चिखलच अधिक उठून दिसू लागला. तिने फुलांच्या दुकानातून फुले आणली, ती चिखलात खोवली आणि कॅमेरा खाली ठेवून चित्र काढले. अग्रभागी फुले आणि त्यांच्यामागे शाळा, असे ते चित्र झाले. मग तीच फुले उपटून तिने दुसऱ्या बाजूस लावली आणि दुसरे चित्र काढले. अग्रभाग कसा सजवावा, हे तिला उत्तम साधले होते. परंतु चौकटीबाहेर तो चिखल तसाच होता. चित्रकाराने किती दाखवावे आणि किती झाकावे, हा प्रश्न तिच्या आयुष्यात पुढे पुन्हा यावयाचा होता.

तिचे खरे ओढ घेणारे ठिकाण मात्र पोलादाचा कारखाना होते. बालपणी पाहिलेला तो अग्निप्रवाह ती विसरली नव्हती. ओटिस पोलाद कारखान्याच्या अध्यक्षांकडून तिने परवानगी मिळविली आणि १९२७-२८ च्या हिवाळ्यात रात्रीमागून रात्री ती भट्ट्यांपाशी उभी राहिली. उष्णतेने कॅमेऱ्यावरील रोगणाला फोड आले आणि तिचा चेहरा भाजून निघाला. चित्रे मात्र काळी येत. त्या काळच्या फिल्मवर निळ्या प्रकाशाचा परिणाम चांगला होत असे, पण लाल प्रकाशाचा जवळजवळ होतच नसे. डोळ्यांना दिपविणारे तप्त पोलाद फिल्मला दिसतच नव्हते. तिने हार मानली नाही. एका फिरत्या विक्रेत्याकडे मॅग्नेशियमचे पांढरा झगझगीत प्रकाश देणारे बाण होते. ते पेटवून तिने चित्रे काढली आणि काही महिन्यांच्या अपयशानंतर पोलादाचा प्रवाह चित्रात उतरला. कारखान्याच्या अध्यक्षांनी आठ चित्रे प्रत्येकी शंभर डॉलर देऊन घेतली.

या चित्रांची ख्याती न्यूयॉर्कपर्यंत गेली. १९२९ मध्ये हेन्री ल्यूस यांनी आपल्या नियोजित फॉर्च्यून मासिकासाठी तिला बोलावून घेतले. १९३० मध्ये सोव्हिएत रशियातील नव्या कारखान्यांची चित्रे काढण्याची परवानगी मिळविणारी ती पहिली पाश्चात्त्य छायाचित्रकार ठरली. त्याच वर्षी एका कारखान्यात ओळीने मांडून ठेवलेल्या नांगराच्या फाळांचे चित्र तिने काढले. एका फाळात पाहण्यासारखे काही नाही. पण तोच वक्र आकार ओळीने पुन्हापुन्हा आल्यावर सबंध चित्राला लय आली. २३ नोव्हेंबर १९३६ रोजी निघालेल्या लाइफ साप्ताहिकाच्या पहिल्या अंकावर तिचेच चित्र होते. ते माँटाना राज्यातील फोर्ट पेक धरणाच्या प्रचंड बांधकामाचे होते. त्या चित्राच्या तळाशी दोन माणसे दिसतात, मुंगीएवढी लहान. ती नसती, तर बांधकामाची भव्यता आपल्याला कळलीच नसती.

येथवर मार्गारेटच्या चित्रांत माणूस बहुधा यंत्राचे माप दाखविण्यापुरता असे. १९३४ मध्ये अमेरिकेच्या मध्यभागी भीषण दुष्काळ पडला. शेतातील माती वाऱ्याने उडून जात होती. ती दृश्ये टिपण्यासाठी गेलेल्या मार्गारेटने उद्ध्वस्त शेतकऱ्यांचे चेहरे पाहिले. आपण इतकी वर्षे यंत्रे पाहिली, माणसांकडे मात्र पुरेसे पाहिले नाही, ही जाणीव तिला तेथे झाली. पुढे दक्षिणेकडील गरीब शेतमजुरांवर तिने लेखक अर्स्किन कॉल्डवेल यांच्यासमवेत १९३७ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरास महापुराने वेढले. मदतकेंद्रासमोर निराश्रित कृष्णवर्णीय नागरिकांची रांग लागली होती. कोणाच्या हाती पिशवी होती, कोणाच्या हाती टोपली. त्यांच्यामागे एक भलामोठा जाहिरातफलक होता. त्यावर मोटारीत बसलेले एक आनंदी गोरे कुटुंब चितारलेले होते आणि अमेरिकेचे राहणीमान जगात सर्वांत उंच असल्याची ग्वाही दिलेली होती. मार्गारेटने रांग आणि फलक एकाच चौकटीत घेतले. तिने कोणाला जागेवरून हलविले नाही, फुलेही खोवली नाहीत. ती योग्य जागी उभी राहिली, एवढेच. अग्रभाग आणि पार्श्वभूमी यांच्यातील विरोधाने तेथे जे सांगितले, ते लांबलचक लेखानेही सांगता आले नसते.

दुसऱ्या महायुद्धात तिने मोठे धैर्य दाखविले. १९४१ मध्ये मॉस्कोवर जर्मन बाँब पडत असता ती गच्चीवरून चित्रे घेत होती. उत्तर आफ्रिकेकडे जाताना तिच्या जहाजावर पाणतीराचा हल्ला झाला आणि तिला जीवरक्षक नावेत आश्रय घ्यावा लागला. १९४३ मध्ये ती अमेरिकन हवाई दलाच्या लढाऊ मोहिमेत विमानातून गेली. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत तिने जे पाहिले, ते पाहताना आपल्यामध्ये आणि त्या भीषण दृश्यामध्ये कॅमेरा हा एक पडदा झाला होता, असे तिने पुढे नमूद केले.

१९४६ मध्ये ती हिंदुस्थानात आली. गांधीजी त्या वेळी पुण्यात होते. सूत कातणाऱ्या गांधीजींचे चित्र काढण्याची तिची इच्छा होती. परंतु गांधीजींच्या चिटणिसांनी तिला आधी चरखा चालविता येतो का, हे विचारले. ज्याला चरखा कळत नाही, त्याला तो चालविणाऱ्याचे चित्र कसे काढता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्रांची चित्रे काढण्यात आयुष्य घालविलेली मार्गारेट त्या साध्या लाकडी यंत्रापुढे शिकाऊ विद्यार्थिनी म्हणून बसली. धागा वारंवार तुटला. तरी तिने कातण्याचा धडा घेतला.

तो गांधीजींच्या मौनाचा दिवस होता. खोलीत अंधार होता आणि गांधीजींना प्रखर प्रकाशाचा त्रास होई. म्हणून झगझगाटाचे फक्त तीन दिवे वापरण्याची परवानगी मिळाली. पहिले दोन दिवे वाया गेले. तिसरा मात्र वेळेवर उजळला. त्या चित्रात अग्रभागी चरखा आहे, मोठा आणि स्पष्ट. त्याच्या पलीकडे गांधीजी मांडी घालून कागद वाचीत बसले आहेत. मागे खिडकीतून प्रकाश येत आहे. खोलीत सामान फार नाही आणि रिकाम्या जागेमुळे ती साधेपणाने भरल्यासारखी वाटते. चरखा अग्रभागी असूनही आपली दृष्टी त्यावर थांबत नाही. तो ओलांडून ती गांधीजींपाशी पोहोचते. व्हाइट यांच्या वर्गातील सारे पाठ या चित्रात सापडतात; पण चित्र पाहताना ते पाठ आठवत नाहीत, आठवतात ते गांधीजी.

१९४७ मध्ये फाळणीच्या काळात ती पुन्हा येथे होती. घरदार सोडून चाललेल्या लाखो निर्वासितांचे तांडे तिने टिपले. त्या चित्रांवाचून फाळणीचे दुःख जगाला इतके समजले नसते. तथापि याच काळातील तिच्या कामावर एक आक्षेपही घेतला गेला. मनासारखी रचना साधावी, म्हणून थकलेल्या माणसांनाही ती थांबवी आणि पुन्हा चालावयास लावी, असे तिच्याबरोबर असलेल्यांनी सांगितले आहे. हा आक्षेप विसरता येत नाही. चिखलात खोवलेल्या फुलांनी कोणाचे काही बिघडले नव्हते. पण दुःखी माणूस हा चौकटीत हलवावयाचा आकार नव्हे. चित्र आणि माणूस यांत निवड करावयाची वेळ आली, तर कोणाला अग्रस्थान द्यावे, हे रचनेचे नियम सांगत नाहीत. ते आपल्या मनालाच ठरवावे लागते.

३० जानेवारी १९४८ रोजी तिने दिल्लीत गांधीजींची भेट घेतली आणि त्यांच्याशी संभाषण केले. त्यानंतर काही तासांतच गांधीजींची हत्या झाली. भारतातील अनुभवांवर तिने लिहिलेले पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९५० नंतरच्या काही वर्षांत तिच्या हातापायांत विचित्र जडपणा येऊ लागला. तो कंपवाताचा विकार होता. ज्या बोटांनी तिने अचूक क्षणी कळ दाबली होती, ती आता थरथरू लागली. ती रोज चिकाटीने व्यायाम करी, कागदाचे बोळे पिळी, मैलोगणती चाले. १९५९ आणि १९६१ मध्ये तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्या. ज्या काळी लोक असा आजार लपवीत, त्या काळी तिने आपले सहकारी आल्फ्रेड आयझेनस्टाट यांना आपल्या उपचारांची चित्रे काढू दिली आणि लाइफने ती छापली. आयुष्यभर दुसऱ्यांना चौकटीत घेणारी मार्गारेट आता स्वतः चौकटीत उभी राहिली, आणि तिने काहीच झाकले नाही. १९६३ मध्ये तिचे आत्मचरित्र प्रकाशित झाले. २७ ऑगस्ट १९७१ रोजी कनेक्टिकटमधील स्टॅमफर्ड येथे तिचा मृत्यू झाला.

आज कॅमेरा पुष्कळांच्या खिशात असतो आणि एका दिवसात शंभर चित्रे काढणेही अवघड राहिलेले नाही. वीस डॉलरच्या त्या जुन्या कॅमेऱ्याने मार्गारेटला एवढी सोय दिली नव्हती. पण कळ दाबण्यापूर्वी थांबण्याची, पहाटे पुन्हा जाऊन पाहण्याची आणि चरखा समजल्यावाचून त्याचे चित्र न काढण्याची सवय तिला लागली. तुमच्या शाळेजवळही एखादे साधे लोखंडी फाटक असेल. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ते एकदा नीट पाहा. त्यातून आतबाहेर जाणारी माणसेही पाहा. कॅमेरा हाती नसला तरी हा पाठ करता येतो.